वहीला हात लावलेली माणसं

आमच्या फॅनफिक्शनला आठ वर्षं झाली आणि तिचं एकही प्रकरण लिहून झालेलं नाही. आहेत त्या फक्त कल्पना. काही व्हॉट्सअॅपवर, काही एका शंभर पानी वहीत, बाकीच्या तामलवाडीच्या चहाच्या टपरीवर सांडलेल्या. मूळ कल्पना एका ओळीची आहे: 'डेथ नोट'मधली वही 'सिल्व्हर स्पून'मधल्या शेतकी शाळेत पडली तर?

दोन्ही मंगा वाचलेल्यांना हे वाचून हसू येईल. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, आणि पुढे दोन्हींचं कथानक फुटणार आहे हेही आधीच सांगून ठेवतो.

'डेथ नोट' २००३ ते २००६ या काळात जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली. लेखन त्सुगुमी ओहबाचं, चित्रं ताकेशी ओबाताची. लाईट यागामी नावाच्या हुशार पोराला रयूक या शिनिगामीची, म्हणजे मृत्युदेवाची वही सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून त्या वहीत ज्याचं नाव लिहाल तो माणूस मरतो. वेगळं कारण लिहिलं नाही तर चाळीस सेकंदांत हृदयविकारानं. लाईट ठरवतो की आपण जगातले सगळे गुन्हेगार संपवायचे.

'सिल्व्हर स्पून' २०११ ते २०१९ या काळात 'शोनेन संडे'त आली. हिरोमू अराकावा ही तिची लेखिका, 'फुलमेटल अल्केमिस्ट'वाली. ती स्वतः होक्काइदोमधल्या गोठ्यावाल्या घरात वाढलेली, घरच्या शेतात राबून मग टोकियोला गेलेली. तिच्या गोष्टीत हाचिकेन हा सापोरो शहरातला मुलगा अभ्यासाच्या शर्यतीला कंटाळून शेतकी शाळेत येतो. पहाटे उठून शेण काढतो, दूध काढतो, अंडी गोळा करतो. कुणी जग वाचवत नाही. पंधरा खंडांत सगळ्यात मोठा प्रश्न हा, की गोठ्याचं कर्ज कसं फिटणार.

एकीकडे जगाचा न्याय, दुसरीकडे शेण. या दोन गोष्टी एकत्र आणायचं डोकं माझ्या मित्राचं.

आम्ही दोघं तामलवाडीचे. तुळजापूर तालुका, सोलापूरहून तुळजापूरला जाताना साधारण मध्यावर लागतं ते गाव. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो, बारावीही बरोबरच झालो. २०१५ साली मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो. तो सोलापूरला बीएस्सीला, रोज एसटीनं जाऊन-येऊन. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मोबाईलवर इंग्रजीतून मंगा वाचायला लागलो. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची. तो म्हणाला, "आमच्या पेटीतल्या निजामाच्या काळच्या उर्दू कागदांसारखंच की बे." जिथं त्याचं इंग्रजी अडायचं तिथं मी मराठी करून सांगायचो. जिथं माझं शेतीचं ज्ञान अडायचं तिथं तो सांगायचा. व्यायला झालेल्या गाईचं वासरू कसं ओढतात हे मला जपानी चित्रातून आणि त्याच्या टिप्पणीतून एकदमच कळलं. शेतकऱ्याच्या घरात वाढून.

क्रॉसओव्हर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींतली पात्रं एका गोष्टीत आणणं. जपानमध्ये चाहते अशा गोष्टी स्वतः लिहितात, काढतात, छापतात आणि विकतातसुद्धा. टोकियोतला 'कॉमिकेट' हा त्यांचा बाजार १९७५ साली सुरू झाला तेव्हा बत्तीस गट आले होते. खुद्द मंगाकारही हा खेळ खेळतात. 'ड्रॅगन बॉल'चा तोरियामा आणि 'वन पीस'चा ओदा यांनी २००६ साली मिळून 'क्रॉस एपोक' ही छोटी गोष्ट काढली. पण चाहत्यांचे बहुतेक क्रॉसओव्हर एकाच प्रश्नापाशी अडकतात: गोकू जिंकेल का लुफी? कोण कोणाला हरवेल?

मित्राला या प्रश्नात रस नव्हता. तो म्हणायचा, "घाटशिळेवर कुठं कुणी कुणाला हरवलं?"

तुळजापूरला गेला असाल तर घाटशीळ माहीत असेल. तुळजाभवानीची मूळ कथा कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिची. कुकर दैत्यानं तिचा छळ मांडला, तिनं हाक मारली, देवी त्वरित धावून आली. म्हणून ती त्वरिता, मग तुरजा, मग तुळजा. या कथेत रामाचं काहीच काम नाही. पण सीतेला शोधत फिरणारा राम या डोंगरावर येतो आणि देवी त्याला घाटशिळेवरून लंकेची वाट दाखवते, असं आमच्याकडे सांगतात. एका गोष्टीचा नायक दुसऱ्या गोष्टीत येतो, वाट विचारतो आणि पुढं जातो. लढाई नाही, कोण मोठं कोण लहान नाही. एका गोष्टीत अडलेलं दुसऱ्या गोष्टीतल्या कुणाला तरी दिसतं, एवढंच. गोंधळी तर उभं राहून गावोगावच्या देवांना एकाच अंगणात बोलावतात. क्रॉसओव्हर आम्हाला जपानकडून शिकायची गरज नव्हती, हे त्याचं म्हणणं.

तर आमची वही. पहिला मसुदा नुसता विनोदी होता. रयूकला सफरचंदाचं व्यसन आहे, पण आम्ही त्याला होक्काइदोऐवजी आमच्या शिवारात उतरवला. इथं सफरचंद कुठलं? सीताफळ खाईल. मग तो प्रत्येक बी थुंकत बसेल, आणि वहीत नाव लिहायला सांगेपर्यंत लाईट म्हातारा होईल. यावर आम्ही दोन दिवस हसलो.

मग खरा प्रश्न आला. शेतकी शाळेत कुणाचं नाव लिहायचं?

'डेथ नोट'ची सगळी यंत्रणा एका गृहीतावर चालते, की वाईटाला नाव असतं आणि चेहरा असतो. दोन्ही मिळाले की काम झालं. म्हणून तर लाईटला शोधणारा एल स्वतःचं नाव कुणाला सांगत नाही. 'सिल्व्हर स्पून'मध्ये खलनायकच नाही. आम्ही यादी करायला बसलो. दुधाचा भाव पाडणारा कोण? त्याचं नाव काय? पेंडीचा भाव वाढवणारा? पाऊस? मित्रानं वहीत 'पाऊस' लिहून त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि त्याआधी आमच्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. हे सगळं ताजं होतं. कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणणार?

लाईट आमच्या तालुक्यात बेरोजगार झाला असता.

मला ही कल्पना भारी वाटली. मी पुण्यात होस्टेलवर पोरांना सांगायचो. ती हसायची, दाद द्यायची. २०१८ च्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा आम्ही 'सिल्व्हर स्पून'च्या कर्जाच्या भागापर्यंत पोचलो होतो.

तिथं असं होतं. कोमाबा हा हाचिकेनचा वर्गमित्र, बेसबॉलचा खेळाडू. बाप नाही, आई आणि दोन लहान बहिणी. मोठा खेळाडू होऊन गोठ्याचं कर्ज फेडायचं हे त्याचं स्वप्न. ते होत नाही. गोठा बुडतो, गाई जातात, पोरगा शाळा सोडतो. पण गोष्ट इथं थांबत नाही. शेजारच्या मिकागे कुटुंबानं त्या कर्जाला जामीन दिलेला असतो. त्यामुळे बुडतो कोमाबा, आणि घोडे विकावे लागतात मिकागेंना.

मित्रानं तो भाग वाचला आणि मोबाईल माझ्याकडे दिला. काही बोलला नाही. दोन दिवस भेटला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: "मिकागेच्या बापाचं काय चुकलं बे?"

मी उत्तर लिहिलं. लांबलचक. जपानच्या दुग्धव्यवसायाबद्दल, अराकावा कुणालाच दोषी कसं ठरवत नाही याबद्दल. तो मंगाबद्दल विचारतोय असं मला खरंच वाटलं होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आणि होस्टेलसाठी पप्पांनी एका पतसंस्थेतून दीड लाख काढले होते. जामीनदार मित्राचे वडील. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. दोन वर्षं सोयाबीननं दगा दिला आणि आमचे हप्ते थांबले. वसुलीवाले आमच्या दारात आले, पण आमच्याकडे न्यायला काही नव्हतं. तात्यांकडे तीन म्हशी होत्या आणि महिन्याचं दुधाचं बिल होतं. त्या बिलातून कपात सुरू झाली. कपातीत खुराक भागेना, म्हणून दोन म्हशी विकल्या. त्याच वर्षी मित्रानं बीएस्सी सोडली.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईनं फोनवर सांगितलं होतं, एका वाक्यात, "तात्यांना जरा त्रास झाला." माझी सेमिस्टर चालू होती. २०१९ ला मला नोकरी लागली. पहिल्या वर्षातच पप्पांनी तात्यांचे सगळे पैसे परत केले, वर व्याजही दिलं. माझ्या डोक्यात ती फाईल बंद झाली. आम्ही कंपनीत म्हणतो तसं, तिकीट क्लोज.

'डेथ नोट'मध्ये एक नियम आहे. वहीची मालकी सोडली की वहीबद्दलच्या सगळ्या आठवणी पुसल्या जातात. लाईट एकदा मुद्दाम मालकी सोडतो आणि पुन्हा साधा, सज्जन, तळमळीचा मुलगा होतो. आपणच ते सगळं केलं हे त्याला आठवत नाही, आणि तो प्रामाणिकपणे खुन्याचा शोध घेत बसतो. वही परत हाताला लागते तेव्हा सगळं एकदम आठवतं आणि तो किंचाळतो. त्या प्रसंगाबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोललेलो आहे. कथानकाची बांधणी वगैरे.

गेल्या कोजागरीला, ऑक्टोबर २०२५ मध्ये, मी गावी आलो होतो. कोजागरीच्या आधी सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो लोक चालत तुळजापूरला जातात. रात्रभर आमच्या गावावरून माणसं वाहतात. अनवाणी, काठ्या टेकत, लहान पोरं खांद्यावर. सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनं जिल्ह्यातलं सोयाबीन कुजलं होतं, तरी माणसं चालत होती. आमच्या गल्लीतली पोरं रस्त्याकडेला चहा-केळी वाटत होती. मी आणि मित्र पातेल्यापाशी.

मध्यरात्रीनंतर गर्दी जरा ओसरली तेव्हा तो म्हणाला, "शेवट सापडला बे." आणि गाडीच्या डिकीतून ती शंभर पानी वही काढली.

त्याचा शेवट असा. वही शाळेत पडते. मुलांना कळतं ही काय आहे. रात्रभर विचार करतात, पण लिहावं असं एकही नाव कुणाला सापडत नाही. सकाळी इनादा तामाको, त्या शाळेतली पैशाला पक्की मुलगी, वैतागून म्हणते की कोरा कागद वाया का घालवायचा. आणि ती त्या वहीत गाईंची नावं लिहून दुधाचा हिशोब ठेवायला लागते. वही माणसांनाच मारते. गाईंना काही होत नाही. रयूक कंटाळून निघून जातो.

मी टाळ्या वाजवायचा बाकी राहिलो. कारण दोन्ही मंगा जिथं खऱ्या अर्थानं एकमेकींना भेटतात ती जागा त्यानं बरोबर पकडली होती. दोन्ही गोष्टी नाव लिहिण्याबद्दल आहेत. लाईट नाव लिहितो ते मारण्यासाठी. हाचिकेनला शाळेत सांगतात की कापायच्या डुकराला नाव देऊ नकोस, जीव लागेल. तो ऐकत नाही. एका अशक्त पिलाचं नाव 'बुतादोन' ठेवतो, म्हणजे डुकराच्या मटणाचा भात. ते मोठं होऊन कापलं जातं तेव्हा स्वतःच्या मजुरीच्या पैशांनी त्याचं सगळं मांस विकत घेतो. एका गोष्टीत नाव लिहिलं की माणूस संपतो, दुसऱ्या गोष्टीत नाव दिलं की जबाबदारी सुरू होते. आठ वर्षं मी या दोघींना 'न्याय विरुद्ध शेण' म्हणून हसत होतो.

"दाखव," म्हणालो आणि वही हातात घेतली.

पुढून आमचे जुने नियम होते. सीताफळ, पाऊस, प्रश्नचिन्ह. मी मागून उघडली. मागून त्याच्या अक्षरात दुधाचा हिशोब होता, २०१७ चा. तारीख, सकाळ, संध्याकाळ, आणि शेवटचा रकाना 'कपात'. सकाळ आठ लिटर, संध्याकाळ सहा. पुढची पानं तशीच. मग एका पानावर आडवी रेघ, रेघेखाली दोन नावं: काशी, चंद्री. त्याखालच्या तारखेपासून सकाळ तीन, संध्याकाळ दोन.

काशी मला माहीत होती. नववीत असताना तिच्या पाठीवर बसून आम्ही दोघं ओढ्यात उतरलो होतो. ती विकली हे मला माहीत होतं. पण 'दोन म्हशी' विकल्या हे माहीत होतं. काशी विकली हे नव्हतं.

मी किंचाळलो वगैरे नाही. पातेल्याखालचा गॅस उगाच बारीक केला.

"हे मुद्दाम दाखवलंस का?"

"नाही बे. वही तीच हाय म्हणून. त्या टायमाला घरात दुसरी नव्हती."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "तो खोटा नियम आठवतो का?" आठवत होता. लाईट पोलिसांना फसवायला रयूककडून वहीत दोन खोटे नियम लिहून घेतो. त्यातला एक असा, की वही जाळली किंवा फाडली तर तोवर तिला हात लावलेली सगळी माणसं मरतील. भीतीपोटी कुणीच वही नष्ट करत नाही. "जामीनदार म्हणजे कोण," मित्र म्हणाला, "नाव दुसऱ्याचं, पण वहीला हात लावलेला. तात्यांनी हात लावला म्हणून तात्यांना शिनिगामी दिसला. दर महिन्याला, मोटारसायकलवर."

मला १८७५ आठवलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि उठाव पुण्या-नगरकडच्या गावांत पसरला. आमचा भाग तेव्हा निजामाकडे, आमच्याकडे तो आला नाही. पण त्या उठावाची एक गोष्ट शाळेपासून लक्षात राहिली आहे. लोकांनी सावकारांना मारण्यापेक्षा त्यांच्याकडची खतं आणि वह्या शोधल्या आणि जाळल्या. पुढं चौकशी आयोग बसला, १८७९ ला शेतकऱ्यांच्या कर्जाबाबत कायदा झाला. त्या लोकांनाही चेहरे माहीत होते, नावं माहीत होती. तरी त्यांनी हात घातला तो कागदाला. मी हे मित्राला सांगितलं.

"मग आपली जाळायची का?" त्यानं विचारलं.

"नको. काशीचं नाव हाय तिच्यात."

तो हसला. तेवढ्यात सोलापूरकडून एक मोठा घोळका आला आणि आम्ही पेले भरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांकडे गेलो. ते धार काढत होते. आता त्यांच्याकडे चार जनावरं आहेत. काय बोलायचं ते मी रस्त्यात ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हणालो, "तात्या, काशी माझ्यामुळं गेली. मी कधी बोललो नाही."

तात्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "तुझ्यामुळं कशी? पावसामुळं गेली." मग थोडं थांबून, "पर आलास ते बरं केलंस. त्यो बोलत न्हाई, पर त्याला लागलं व्हतं." बादली भरल्यावर ती माझ्या हातात दिली, डेअरीवर घालून ये म्हणाले. लहानपणी सांगायचे तसं.

पैसे परत केले तेव्हा हिशोब मिटला असं मी धरून चाललो होतो. पैशांचा मिटलाच होता. मित्राची डिग्री त्या हिशोबात नव्हती, काशी नव्हती, आणि 'मिकागेच्या बापाचं काय चुकलं' या प्रश्नाला मी पाठवलेलं ते विद्वान उत्तरही नव्हतं. पप्पांना, तात्यांना, पतसंस्थेलासुद्धा एकेक बाजू आहे. पण सगळ्यांची बाजू समजून घेणं आणि आपली बाजू न सांगणं यात फरक असतो. अराकावाच्या गोष्टीत खलनायक नाही हे मी मोठ्या हौसेनं सांगायचो, कारण त्यात माझीही सोय होती.

फॅनफिक्शन आता खरंच लिहायला घेतलं आहे. मराठीत, आळीपाळीनं. तो गोठा लिहितो, मी वहीचे नियम. पहिल्या प्रकरणावर आमचं भांडण चालू आहे. मला रयूक पहिल्याच पानावर हवा आहे. त्याचं म्हणणं, आधी तीन पानं धार काढायची, मग काय यायचं ते येऊ दे. आणि सीताफळाच्या बिया थुंकायचा प्रसंग ठेवायचाच, यावर दोघांचंही एकमत आहे.